मिताकाचे गिब्ली म्युझियम कसे पाहावे : तिकिटापासून गच्चीवरच्या यंत्रमानवापर्यंत

तोक्योच्या पश्चिमेला मिताका नावाचे एक शांत उपनगर आहे. तिथल्या इनोकाशिरा उद्यानाच्या एका कडेला, झाडांत अर्धवट लपलेली, वेलींनी वेढलेली आणि फिकट रंगांच्या भिंतींची एक इमारत उभी आहे. हेच अॅनिमेशनपट बनवणाऱ्या स्टुडिओ गिब्ली या जपानी संस्थेचे संग्रहालय. ते १ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाले आणि त्याची कल्पना व आराखडा दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा आहे. चित्रपटांच्या संग्रहालयात साधारणतः पोस्टर, पुरस्कार आणि काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या वस्तू असतात. इथे मात्र एका दिग्दर्शकाने चित्रपटाची दृश्ये जशी कागदावर रेखाटावीत तशी एक इमारतच रेखाटली आहे. इथे येणाऱ्याने वाट चुकावी असे संग्रहालयच सांगते, आणि आत फिरण्याचा कोणताही ठरलेला मार्ग नाही. गंमत अशी की या निवांत भटकंतीसाठी आधी जी तयारी करावी लागते ती मात्र रेल्वे आरक्षणाइतकी काटेकोर आहे. म्हणून या लेखाचा मोठा भाग दाराबाहेरच्या गोष्टींवर खर्च झाला आहे.

आधी नावाचा एक घोळ मिटवून टाकू. आपण ‘गिब्ली’ म्हणतो, कारण हा शब्द इटालियन आहे. सहारा वाळवंटातल्या उष्ण वाऱ्याचे ते नाव असून ते एका इटालियन विमानालाही दिले गेले होते. जपानी माणूस मात्र त्याचा उच्चार ‘जिबुरी’ असा करतो. त्यामुळे रस्त्यात कुणाला विचारायचे झाल्यास ‘जिबुरी बिजुत्सुकान’ असे विचारावे. ‘गिब्ली म्युझियम’ म्हटल्यास समोरचा नम्रपणे हसेल, पण त्याला कळेलच असे नाही. दुसरा घोळ ठिकाणाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागोयाजवळ, आइची प्रांतातल्या नागाकुते येथे गिब्ली पार्क सुरू झाले. ते वेगळे आहे, त्याची तिकिटे वेगळी आहेत आणि ते मिताकापासून काही तासांच्या अंतरावर आहे. घाईघाईने आरक्षण करताना ही दोन नावे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. शिवाय जिथे चित्रपट प्रत्यक्ष तयार होतात तो स्टुडिओ कोगानेई येथे असून तो पर्यटकांसाठी खुला नाही, हेही लक्षात ठेवावे.

तिकीट

संग्रहालयाच्या दारात तिकीट मिळत नाही. याला अपवाद नाही, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरणारे प्रवासी याच एका कारणाने परत फिरतात. तिकिटे दर महिन्याच्या १० तारखेला, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता, पुढच्या संपूर्ण महिन्यासाठी विक्रीला येतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये केव्हाही जायचे असेल तर १० ऑक्टोबरला संगणकासमोर बसणे आले. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे असल्याने भारतात ही वेळ सकाळी साडेसहाची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तीच वेळ ९ तारखेच्या संध्याकाळी किंवा रात्री येते आणि लंडनमध्ये मध्यरात्रीनंतर, तेव्हा तारखेचा हिशेब आपापल्या गावाप्रमाणे नीट करावा. तात्काळ तिकिटासाठी घड्याळाकडे डोळे लावून बसण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हा प्रकार मुळीच अपरिचित वाटणार नाही.

विक्री लॉसन या दुकानसाखळीच्या तिकीट-संकेतस्थळावरून होते आणि त्याचे इंग्रजी पान परदेशी प्रवाशांसाठी उपलब्ध आहे. विक्री सुरू होताच संकेतस्थळ आपल्याला आभासी रांगेत उभे करते. ही रांग बराच वेळ जागची हलत नाही असे वाटले तरी पान पुन्हा उघडण्याचा मोह आवरावा, कारण तसे केल्यास रांगेतली जागा जाण्याची भीती असते. रांगेत असतानाच पसंतीचे तीन दिवस आणि प्रत्येक दिवसाच्या दोन-दोन वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात. शनिवार-रविवार आणि सकाळच्या वेळा सर्वांत आधी भरतात. मंगळवारी संग्रहालय सहसा बंद असते. त्याखेरीज वर्षअखेरीला आणि देखभालीसाठी अधूनमधून काही दिवस ते बंद राहते. म्हणून विमानाची तिकिटे काढण्याआधीच अधिकृत संकेतस्थळावरचे सुट्ट्यांचे कॅलेंडर पाहणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडून जाणाऱ्यांची अडचण बहुधा पैसे भरण्याच्या टप्प्यावर होते. भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय आपण स्वतः सुरू करेपर्यंत बंद असू शकते. ती बँकेच्या अॅपमधून आदल्या दिवशीच सुरू करून ठेवावी. साडेसहा वाजता रांगेतून आत गेल्यावर ही गोष्ट आठवली तर हातातली वेळ निघून जाते. जपानमध्ये असतानाच तिकीट काढणार असाल तर ओटीपी ज्या क्रमांकावर येतो त्या क्रमांकाचे रोमिंग चालू असले पाहिजे.

दर मात्र आश्चर्य वाटावे इतके माफक आहेत. १९ वर्षांपासून पुढे १००० येन, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ७००, ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ४०० आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलांना १०० येन आकारले जातात. चार वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. तिकीट खरेदी करणाऱ्याच्या नावावर असते आणि ओळखपत्र तपासले जाऊ शकते, म्हणून ज्याने तिकीट काढले ती व्यक्ती स्वतः सोबत असावी आणि तिने पासपोर्ट बरोबर ठेवावा. याच कारणाने कुणा तिऱ्हाइताकडून चढ्या भावाने तिकीट विकत घेण्याच्या फंदात पडू नये. असे तिकीट दारातच नाकारले जाण्याचा धोका असतो आणि त्या वेळी दाद मागायला कुणी नसते.

तिकिटावर प्रवेशाची वेळ असते. त्या वेळेपासून तासाभरात आत जावे लागते, मात्र एकदा आत गेल्यावर किती वेळ थांबावे याला बंधन नाही. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येत नाही. हे दोन्ही नियम एकत्र वाचले की सकाळी दहाची वेळ का चांगली ते कळते : उरलेला दिवस हाताशी राहतो आणि सुरुवातीची काही मिनिटे तरी दालने मोकळी मिळतात. दहाची वेळ मिळाली नाही तर माझ्या मते दुपारी उशिराची घ्यावी, कारण मधल्या वेळांना आधीच्या तुकड्या अजून आत असतात. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा ‘गोल्डन वीक’ आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हे जपान्यांच्या स्वतःच्या सुट्ट्यांचे काळ आहेत; आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी निदान पहिला आठवडा टाळावा.

जाण्याआधी काय पाहावे

संग्रहालयात फारसे काही समजावून सांगितलेले नाही. दालनांत पाट्या कमी आहेत आणि ज्या आहेत त्या बहुतेक जपानी आहेत. त्यामुळे ज्याने एकही चित्रपट पाहिलेला नाही त्याला इमारत सुंदर वाटेल, पण ती त्याच्याशी बोलणार नाही. सगळे चित्रपट पाहायला हवेत असे नाही; १९८६ चा ‘लापुता : कॅसल इन द स्काय’, १९८८ चा ‘माय नेबर तोतोरो’ आणि १९९२ चा ‘पोर्को रोसो’ हे तीन पाहिले तरी इमारतीतल्या बहुतेक खुणा ओळखू येतात. लहान मुले बरोबर असतील तर तोतोरो तरी दाखवूनच न्यावे, कारण त्यातल्या मांजर-बसची ओळख नसेल तर वरच्या मजल्यावरचा सगळा आनंद वाया जाईल.

जाण्याचा रस्ता

शिंजुकू स्थानकावरून केशरी पट्ट्याची चुओ लाइनची गाडी पकडावी. या मार्गावर आपल्या लोकलप्रमाणे जलद आणि अतिजलद गाड्या आहेत, पण मिताकाला त्या दोन्ही थांबतात, म्हणून फार विचार न करता पहिली मिळेल ती घ्यावी. साधारण वीस मिनिटांत मिताका येते. सकाळची गर्दी शहराकडे येणाऱ्या गाड्यांना असते आणि आपण शहराबाहेर चाललेलो असतो. सकाळी चर्चगेटहून विरारकडे निघालेल्या माणसाचे सुख ज्याला ठाऊक आहे त्याला याहून अधिक सांगायला नको. तिकिटांऐवजी सुइका किंवा पास्मो हे कार्ड घेतलेले बरे, तेच बसलाही चालते.

मिताकाच्या दक्षिण दारातून बाहेर पडल्यावर दोन पर्याय आहेत. ९ क्रमांकाच्या थांब्यावरून संग्रहालयाची बस सुटते आणि पाचेक मिनिटांत पोहोचवते. दुसरा पर्याय पंधरा-वीस मिनिटे चालण्याचा आहे, आणि पाय धडधाकट असतील व पाऊस नसेल तर मी तोच निवडायला सांगेन. रस्ता तामागावा जोसुइ या कालव्याच्या काठाने जातो. आताच्या तोक्योला, म्हणजे तेव्हाच्या एदो शहराला, पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी हा कालवा १६५३ मध्ये खोदला गेला. सुमारे ४३ किलोमीटर लांबीचे ते काम होते. आज त्यात पाणी बेताचेच आहे आणि दोन्ही काठांवर झाडी इतकी वाढली आहे की कालवा दिसण्याऐवजी हिरवी भिंतच दिसते. वाटेवर दिशा दाखवणारे फलक आहेत, त्यामुळे चुकण्याची भीती नाही.

मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नयेत. इमारत मोठी नाही, जिने अरुंद आहेत आणि सामान ठेवण्याची सोय मर्यादित आहे. बॅगा हॉटेलात किंवा स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. तान्हे मूल बरोबर असेल तर बाबागाडीपेक्षा अंगाला बांधायची झोळी अधिक उपयोगी पडते.

दाराशी

कालव्याच्या बाजूने येणाऱ्याला आधी एक तिकीटघर दिसते आणि त्यात भलामोठा तोतोरो, म्हणजे त्या चित्रपटातला रानातला केसाळ प्राणी, बसलेला असतो. हे खोटे तिकीटघर आहे. खालच्या गोल खिडक्यांतून त्याच चित्रपटातले काजळाचे डोळेवाले गोळे डोकावत असतात ते पाहावे, छायाचित्र काढावे आणि खऱ्या दाराकडे पुढे जावे. कॅमेरा इथे वापरून घ्यावा हे मुद्दाम सांगतो, कारण आत छायाचित्रण आणि चित्रीकरण यांना पूर्ण मनाई आहे. कॅमेऱ्यामागे न लपता माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हाताने स्पर्श करावा आणि त्या जागेतल्या गोष्टीचे मुख्य पात्र स्वतःच व्हावे अशी त्यामागची भूमिका आहे. पहिली दहा मिनिटे हात आपसूक खिशाकडे जातो, पुढे ती सवय सुटते. एरवी प्रत्येक खांबासमोर मुलांना उभे करून फोटो काढणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा नियम जाचक वाटू शकतो. मला तो या संग्रहालयाचा सर्वांत चांगला नियम वाटतो.

प्रवेश करताना तिकिटाच्या बदल्यात प्रत्येकाला एक छोटे कार्ड मिळते, ज्यात ३५ मिलिमीटर फिल्मच्या तीन चौकटी बसवलेल्या असतात. ती गिब्लीच्या एखाद्या चित्रपटाची फिल्म असते आणि कुणाला कोणती मिळेल हे सांगता येत नाही. उजेडासमोर धरून पाहावी. एखाद्याला प्रसिद्ध पात्राचा चेहरा मिळतो, एखाद्याला नुसते गवत आणि आकाश. गवत मिळाल्याने हिरमुसलेल्या मुलाला त्यातल्या गवताची रंगछटा दाखवावी, ती चेहऱ्याइतकीच कष्टाने रंगवलेली असते. हे कार्ड लगेच पाकिटात खोलवर ठेवू नये, कारण खालच्या चित्रपटगृहात ते दाखवावे लागते.

आत

वर पाहिल्यास छतावर सूर्य, वेली आणि फळाफुलांचे भित्तिचित्र आहे, आणि त्यात चित्रपटांतली पात्रे दडलेली आहेत. तिथून जिना उतरून आपण मधल्या उंच दालनात येतो. वरपर्यंत मोकळी जागा, डोक्यावरून जाणारा पूल, लोखंडी पिंजऱ्यासारखा गोल जिना आणि रंगीत काचांच्या खिडक्या असे त्याचे रूप आहे. ऊन असेल तर त्या काचांचे रंग जमिनीवर उतरतात. मुले इथून कुठल्या दिशेला पळतील हे सांगता येत नाही, तेव्हा मोठ्यांनी आधीच एक ठिकाण ठरवून ठेवावे आणि चुकामूक झाल्यास सगळ्यांनी तिथे यावे असे बजावावे. एवढी काळजी घेतली की मग मुलांचा हात खुशाल सोडावा.

याच खालच्या मजल्यावर चित्र हलते कसे हे दाखवणारी खोली आहे, आणि माझ्या मते निम्मा वेळ हिच्यासाठी राखावा. तिथे एका फिरत्या चकतीवर तोतोरो, मांजर-बस आणि दोरीउड्या मारणाऱ्या मुलींच्या असंख्य लहान मूर्ती बसवल्या आहेत. प्रत्येक मूर्ती शेजारच्या मूर्तीपेक्षा किंचित वेगळ्या अवस्थेत आहे. चकती वेगाने फिरू लागली की डोळ्यांना नुसता धूसर पट्टा दिसतो; मग लखलखणारा दिवा सुरू होतो, आणि त्याच्या प्रत्येक लखलखाटासरशी पुढची मूर्ती नेमकी आधीच्या मूर्तीच्या जागी दिसल्याने तोतोरो खरोखर उड्या मारू लागतो. अॅनिमेशनचे सगळे तत्त्व या एका यंत्रात आहे : गती वस्तूत नसते, दोन स्थिर चित्रांमधला काळोख आपली नजर स्वतः भरून काढते. अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओने हे यंत्र पाहूनच आपल्या पात्रांचे तसे यंत्र बनवून घेतले. यंत्र काही वेळ चालते आणि थांबते, म्हणून निदान दोन फेऱ्या पाहाव्यात. एकदा मूर्तींकडे आणि एकदा दिव्याकडे लक्ष ठेवून. लखलखत्या प्रकाशाचा ज्यांना त्रास होतो, विशेषतः फिट्स येतात, त्यांनी मात्र या खोलीत थांबू नये.

शेजारीच ‘सॅटर्न थिएटर’ आहे. साधारण ऐंशी जणांच्या या छोट्या चित्रपटगृहात फक्त या संग्रहालयासाठी तयार केलेले लघुपट दाखवले जातात. असे अनेक लघुपट असून ते आळीपाळीने लावले जातात, आणि ते डिस्कवर किंवा ओटीटीवर मिळत नाहीत. तोतोरोमधल्या मेइ या लहान मुलीला मांजर-बसचे पिल्लू भेटते तो लघुपट आपल्या भेटीच्या काळात लागला तर नशीब समजावे. भाषा जपानी असते आणि उपशीर्षके नसतात, पण पंधराएक मिनिटांच्या या गोष्टी चित्रांतूनच कळतात. एका कार्डावर एकदाच पाहता येते. काचेच्या खोलीतले प्रक्षेपणयंत्र मागे वळून जरूर पाहावे, बहुतेक चित्रपटगृहांत ते दिसत नाही.

तळमजल्यावर, ज्याला जपानी पद्धतीने पहिला मजला म्हणतात, चित्रपट जन्माला येतो त्या जागेच्या पाच खोल्या आहेत. छताला टांगलेली उडती यंत्रे, भिंतभर चिकटवलेली रेखाटने, पुस्तकांचे ढीग, घासून आखूड झालेल्या पेन्सिलींनी भरलेल्या बरण्या, रंगांच्या बाटल्या आणि थोटकांनी भरलेले रक्षापात्र पाहून इथे काम करणारा माणूस आताच चहा प्यायला उठून गेला असावा असे वाटते. चित्रपटांचे चित्रमय आराखडे जाडजूड पुस्तकांच्या रूपात ठेवलेले असून ते हाताळता येतात. एखादे पान उघडून तो प्रसंग पडद्यावर कसा आला होता ते आठवावे. मियाझाकी आधी पटकथा लिहून काढत नाहीत, ते थेट असा आराखडा रेखाटत जातात, हे त्या पानांवरून चांगले उमजते. याच मजल्यावर साधारण वर्षभर चालणारे एक विशेष प्रदर्शनही असते.

त्यावरच्या मजल्यावर मऊ कापडाची मोठी मांजर-बस आहे. तिच्यात शिरण्याची परवानगी प्राथमिक शाळेतल्या, म्हणजे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच आहे, आणि तीही ठरावीक मिनिटांसाठी. मोठ्यांनी कठड्याबाहेर उभे राहून पाहायचे. इथेच ‘ट्राय हॉक्स’ हे पुस्तकांचे दालन आहे. मिताका या नावाचा अर्थ तीन ससाणे असा असल्याने हे नाव पडले. मुलांसाठी निवडलेली जपानी पुस्तके असल्याने आपल्या उपयोगाचे तिथे थोडेच. समोरच्या ‘मामा आयुतो’ या दुकानाला ‘पोर्को रोसो’मधल्या हवाई चाच्यांच्या टोळीचे नाव दिले आहे, आणि तिथली गर्दी पाहता ते साजेसे आहे. खरेदी करायचीच असेल तर या संग्रहालयाशिवाय अन्यत्र मिळत नाहीत अशाच वस्तू घ्याव्यात. बाकीचे बाहुले आणि खेळणी तोक्योत इतरत्रही मिळतात.

गच्चीवर जाण्यासाठी वळणावळणाचा लोखंडी जिना चढावा लागतो. तिथे ‘लापुता’मधला सुमारे पाच मीटर उंचीचा यंत्रमानव झाडाझुडपांत उभा आहे, आणि मागे कोरीव अक्षरांची एक चौकोनी शिळा आहे. गच्ची बाहेरची मानली जात असल्याने इथे छायाचित्र काढता येते, म्हणून यंत्रमानवापुढे रांग लागते. हवा खराब असेल तर गच्ची बंद असू शकते. सकाळी ऊन असेल आणि दुपारी पावसाचा अंदाज असेल तर आधी इथेच यावे.

खाणेपिणे

इमारतीला जोडून ‘स्ट्रॉ हॅट’ नावाचा कॅफे आहे आणि त्याच्यापुढे जवळजवळ नेहमी रांग असते. अर्धा-पाऊण तास रांगेत घालवण्यापेक्षा तो आत घालवावा असे मला वाटते. शाकाहारी मंडळींना तर इथे निवड फारच थोडी आहे. जपानमध्ये भाजीच्या पदार्थातही माशाचा अर्क, म्हणजे ‘दाशी’, वापरलेला असतो, त्यामुळे नुसते मांस नको म्हटल्याने काम भागत नाही. मिताका स्थानकाजवळच्या एखाद्या कोन्बिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानातून, उमे या आंबट फळाचे सारण असलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, फळे आणि पाणी घेऊन ठेवावे, आणि संग्रहालय पाहून झाल्यावर शेजारच्या इनोकाशिरा उद्यानात बसून खावे. ज्यांचे पथ्य अगदी कडक आहे त्यांनी वेष्टनावरचे घटक फोनमधल्या भाषांतर अॅपने वाचून घ्यावेत. घरून नेलेले थेपले किंवा चिवडा असेल तर प्रश्नच मिटला. जपानमध्ये कचरापेट्या फार क्वचित दिसतात, तेव्हा रिकाम्या पिशव्या परत न्याव्या लागतील.

परतताना मिताकाला न जाता उद्यानातून किचिजोजी स्थानकाकडे चालत जावे. साधारण वीस मिनिटे लागतात. १९१७ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात मोठे तळे आहे आणि मार्चच्या अखेरीस त्याच्या काठावरचे चेरी पाण्यावर झुकून फुलतात. किचिजोजीहूनही तीच केशरी गाडी शिंजुकूला जाते.

तिकीट मिळालेच नाही तर

असे होते, आणि वारंवार होते. चुओ लाइनवरच ओगिकुबो स्थानकातून बसने सुगिनामी अॅनिमेशन म्युझियमला जाता येते. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, जपानी अॅनिमेशनचा एकूण इतिहास मांडला आहे आणि हाताने चित्र काढून ते हलवून पाहण्याची सोय आहे. मुलांना शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर ते मिताकापेक्षा काकणभर सरसच ठरेल. ओसाका-कोबेच्या बाजूला जाणार असाल तर ताकाराझुका येथे १९९४ पासून जपानी चित्रकथा आणि अॅनिमेशनचे नामवंत कलावंत ओसामु तेझुका यांचे संग्रहालय आहे. आणि तोक्योच्या मध्यभागीच मियाझाकींच्या हातचे काही पाहायचे असेल तर शिओदोमे येथे निप्पॉन टेलिव्हिजनच्या इमारतीवर त्यांनी आखलेले प्रचंड घड्याळ आहे. दिवसातून काही ठरावीक वेळा त्यातली यंत्रपात्रे हलू लागतात. खेळ तासाच्या ठोक्याच्या काही मिनिटे आधीच सुरू होत असल्याने दुपारी एकचा खेळ पाहायचा तर पावणेएकलाच तिथे उभे राहावे. त्याला तिकीट लागत नाही आणि छायाचित्रही काढता येते.